यद्दरने वाचलेली तिसरी ओळ

यद्दर मोट हाकायचा. सहारातल्या मझाबच्या दरीत मोट हाकणाऱ्याला कुणी मोठा माणूस म्हणत नाही, पण त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही. तिथे पाऊस चार-चार वर्षं तोंड दाखवत नाही. खजुरीच्या मुळाला जे मिळायचं ते विहिरीतूनच. गाढव विहिरीपुढच्या उतारावरून, धावेवरून, खाली जाऊ लागलं की मोटेचा दोर, नाडा, ताणला जायचा, लाकडी चाक कुरकुरायचं आणि कातड्याची मोट साठ हात खोलीतून डुलत वर येऊन थारोळ्याच्या दगडी कुंडात रिकामी व्हायची. गाढव मागे फिरायचं, मोट खाली जायची. दिवस उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत हेच. यद्दर बुटका, रुंद छातीचा, उजव्या खांद्यावर नाड्याचा घट्टा पडलेला. गाढवाला हाका मारून मारून त्याने आवाज असा कमावला होता की टेकडीवरच्या मशिदीतून बांग झाली तरी बागेतल्या बायका म्हणत, थांबा, आधी बघू, ही हाक यद्दरची तर नाही.

या आवाजाचा त्याला अभिमान होता. आणि दुसरा अभिमान वाचनाचा. मशिदीच्या शाळेत तो आणि बालहाज एका पाटीवर शिकले होते. एकच पाटी, कारण यद्दरची फुटली होती आणि बालहाज म्हणाला होता, "अर्ध्या पाटीवर तू लिही, अर्ध्या पाटीवर मी." बालहाज सडपातळ, डावखुरा, कमी बोलणारा. सतराव्या वर्षी तो चुलत्याच्या न्हाणीघरात, हमामखान्यात कामाला म्हणून अल्जीयर्सला गेला आणि पुढे तो हमाम त्यानेच चालवला. बायको बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्याचं गावी येणं कमी झालं. इकडे मागे राहिली फक्त त्याची आई, सत्तीमावशी.

पण पत्रं चुकली नाहीत. वसंतात खजुरीच्या माद्यांवर नर फुलोरा झाडायच्या दिवसांत एक तांडा यायचा, आणि फळ उतरल्यावर दुसरा. दोन्ही तांड्यांबरोबर बालहाजचं पत्र यद्दरच्या नावे, आणि यद्दरचं त्याच्या नावे. एकवीस वर्षं हे चाललं.

गावात पत्र वाचायचा एक रिवाज होता. पत्राला बांधलेला दोरा घरी तोडायचा नाही. बाजाराच्या चौकात दगडी ओट्यावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत तोडायचा आणि पहिल्या सलामापासून शेवटच्या सलामापर्यंत मोठ्याने वाचायचं. एका पत्रात वीस घरांच्या बातम्या असत. कुणाचा मुलगा आजारी, कुणाचा भाऊ निघाला, कुणी काय निरोप दिला. फार पूर्वी एका बापाने मुलाच्या मरणाची ओळ घरी वाचून गिळली होती, आणि सुनेने आठ महिने त्या मेलेल्या नवऱ्याची वाट पाहिली होती. तेव्हापासून हे असं ठरलं. मात्र शेवटच्या सलामाच्या खाली जे लिहिलेलं असेल ते ज्याच्या नावाचं पत्र त्याचंच. वाचणारा सलामाशी थांबायचा, कागद दुमडायचा आणि ओट्यावरून उतरायचा.

हिजरी अकराशे सत्तरच्या वसंतात जे पत्र आलं, ते यद्दरने असंच वाचायला घेतलं. चौक भरलेला होता. बालहाज एरवी कमी बोलणारा, पण कागदावर मोकळा व्हायचा. अल्जीयर्सच्या बंदरात बुडालेल्या गलबताची हकीकत त्याने अशी लिहिली होती की दोन म्हातारे उभ्याने ऐकता ऐकता खाली बसले. यद्दर रंगात आला होता. शेवटचा सलाम आला. त्याच्या खाली तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर त्याची नजर गेली आणि त्याला हसू आलं. दाढ दुखत होती, इतक्या तुर्कांची अंगं चोळली पण स्वतःची एक दाढ आवरेना, असं काहीतरी होतं. ते त्याने वाचलं. लोक हसले.

"मग? दाढेचं काय झालं पुढे?" कुणीतरी मागून विचारलं.

यद्दरने दुसरी ओळ वाचली. हमामात आलेल्या एका खलाशाने चिलीम पुढे केली, दोन दम मारले, दुखणं थांबलं.

चौकातलं हसू जागच्या जागी विरलं. मझाबात तंबाखू म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दारू जितकी वर्ज्य तितकाच तंबाखू. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत यद्दरने तिसरी ओळ वाचली: *दुखणं थांबल्यावरही पाच दिवस ओढली, आणि हे कुणाला तरी सांगितल्यावाचून घास उतरत नव्हता म्हणून तुला सांगतो.*

मग तो थांबला. पण तिथे थांबायला काही उरलंच नव्हतं.

मशिदीत बारा जणांची बैठक असे. गावातलं भलंबुरं तीच ठरवी. त्या शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शेख आमर यांनी उभं राहून सांगितलं, "बालहाज जमातीबाहेर. तो इथे येऊन, आपल्यासमोर उभा राहून तोबा करीपर्यंत त्याचा सलाम घ्यायचा नाही, त्याला सलाम द्यायचा नाही. बोलायचं झालं तर एवढंच, की तोबा कर."

यद्दर लोकांना सांगत फिरला की जीभ पुढे धावली, डोळे मागे राहिले. लोकांना ते पटलं. सत्तीमावशीला नाही. ती रोज सकाळी थारोळ्यावर घागर भरायला यायची. सत्तर वर्षांची बाई, पाठ वाकलेली, पण तोंड ताठ.

"जीभ धावली म्हणे," ती घागर टेकवत म्हणाली. "तुझी जीभ रोज धावते रे. आजवर कधी खड्ड्यात नाही पडली. नेमकी माझ्या पोराच्या अंगावरच पडली."

"मावशी, मी त्याला लिहितो. येईल तो. उभा राहील, तोबा करील, संपेल सगळं."

"तू त्याला ओळखतोस ना? मग असलं बोलू नकोस. तो पाच दिवसांच्या चिलमीसाठी तोबा करील. पण तू केलेल्या तमाशासाठी वीस दिवस वाळवंट तुडवत येईल? मला नाही वाटत."

यद्दरने लिहिलं. पण काय लिहिणार? वाळीत टाकलेल्या माणसाला सलाम घालता येत नाही. त्यामुळे एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पत्राच्या डोक्यावर काहीच नव्हतं. कोरा कागद, मग नाव, मग "तोबा कर, घरी ये." खाली आपली चूक झाली, असं मोघम लिहिलं. हात जड झाला होता. ते पत्र त्याने तांड्याच्या म्होरक्याकडे दिलं.

खजूर उतरल्यावर उत्तर आलं. उत्तर कसलं, त्याचाच कागद परत आला होता. पाठीमागे बालहाजच्या डावऱ्या, कलत्या अक्षरात एवढंच: "सलाम नसलेला कागद इथे भट्टीत जातो, त्यावर पाणी तापतं. हा परत पाठवला, कारण पाणी आधीच तापलेलं होतं."

सलाम त्यानेही घातला नव्हता. यद्दर तो कागद घेऊन मोटेवर आला. गाढव धाव उतरायला तयार उभं होतं. त्याने ते सोडून दिलं आणि थारोळ्याच्या कडेला बसून राहिला. त्या दिवशी त्याच्या विहिरीचं चाक वाजलं नाही, तेव्हा शेजारच्या बागेतल्यांनी विचारलं, यद्दर आजारी आहे का.

आजारी नव्हता. तो एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होता, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती. संध्याकाळी त्याने ती बायकोला, मेन्नाला सांगितली.

"दुसऱ्या ओळीला मला कळलं होतं," तो म्हणाला. "चिलीम म्हटल्यावर कळलं. तरी मी तिसरी वाचली."

मेन्ना जवाची भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मग गावाला खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगायला आज जमतंय."

"मला सांगून काय उपयोग? माझा काय गुन्हा केलात तुम्ही?"

पुढच्या शुक्रवारी नमाज संपल्यावर यद्दर उठून उभा राहिला. बारा जण समोर बसलेले, मागे सगळं गाव.

"माझं नाव बाहेर काढा," तो म्हणाला.

शेख आमर सावकाश बोलणारे होते. त्यांनी मान वर केली. "काय झालं तुला? बस खाली. तू काय केलंस?"

"सलामाच्या खाली उतरलो. ती ओळ माझ्याजवळ दिलेली ठेव होती. मी ती चौकात उधळली."

"जीभ घसरली, हे तूच सांगितलंस. आम्ही मान्यही केलं."

"घसरली नाही. दुसऱ्या ओळीला मला कळलं होतं. तिसरी मी जाणून वाचली."

मागे कुजबुज झाली. शेखांनी हात वर केला. "बरं. मग तोबा कर. आत्ता, इथे. विषय संपला."

"ज्याचं नुकसान केलं त्याने आधी माफ करावं लागतं. मगच तोबा लागू होते. हे तुम्हीच शिकवलंत, शेख. याच चटईवर."

"मग त्याला लिही. माफी माग."

"कशी मागू? त्याच्या पत्रावर सलाम घालता येत नाही. सलाम न घालता मी एकदा लिहून पाहिलं. तिकडे पाणी आधीच तापलेलं होतं, म्हणून कागद भट्टीतून वाचला." कुणीतरी हसू दाबलं. "तुम्ही मलाही वाळीत टाका. बाहेरच्या माणसाने बाहेरच्या माणसाला सलाम घातला तर कुठला नियम मोडतो?"

बारा जणांतला सगळ्यात म्हातारा दाढी कुरवाळत म्हणाला, "आमर, हा मोटेवाला आपल्यालाच नाडा बांधून धावेवर उतरवतोय."

"तसं नाही, बाबा," यद्दर म्हणाला. "नाडा माझ्याच गळ्यात आहे."

शेखांनी बाकीच्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ठीक. तू म्हणतोस तसंच. बालहाज स्वतः इथे येऊन, या बारा जणांसमोर तुला माफ करीपर्यंत तू बाहेर. पत्रातली माफी चालणार नाही. जमातीबाहेरच्याची साक्ष आम्ही घेत नाही. म्हणजे आधी त्याला आत यावं लागेल. समजलं ना? तो आला नाही तर तू असाच मरशील. तुला धुवायला कुणी येणार नाही."

"समजलं," यद्दर म्हणाला आणि चपला उचलून बाहेर पडला. दारातल्या माणसांनी त्याला वाट करून दिली. कुणी सलाम केला नाही.

वाळीत पडणं म्हणजे कुणी दगड मारत नाही. कुणी काहीच करत नाही, तेच वाळीत पडणं. पाण्याची पाळी त्याची त्याला मिळत राहिली, कारण झाडांनी काही गुन्हा केला नव्हता. पण फुलोरा झाडायच्या दिवसांत झाडावर चढायला दोर धरणारा माणूस लागतो, तो मिळेना. यद्दरने दोराचं टोक गाढवाच्या गळ्याला बांधलं आणि एकट्याने सव्वीस झाडं उरकली. मेन्ना वाटी समोर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. पहिल्या दिवशी तिने फक्त विचारलं, "मला एका शब्दाने विचारलंत?"

सत्तीमावशीने घागर घेऊन यायचं मात्र सोडलं नाही. आता तिला यद्दरशी बोलता येत नव्हतं. म्हणून ती गाढवाशी बोलायची.

"काय रे गाढवा, मालक बरा आहे का तुझा? वाळलाय. सांग त्याला, जेवत जा. माझा पोरगा येईल तेव्हा शिव्या खायला अंगात ताकद हवी."

गाढव कान हलवायचं. यद्दर नाडा धरून उभा राहायचा आणि पाठ फिरवून हसायचा.

ज्या दिवशी वाळीत पडला, त्याच दिवशी त्याने पत्र लिहायला घेतलं होतं. आता हात मोकळा होता. डोक्यावर सलाम घातला. एक नाही, एकवीस वर्षांत जसे घातले होते तसे सगळे, बालहाजच्या तब्येतीवर, त्याच्या हमामावर, त्याच्या त्या दाढेवरसुद्धा. मग जसं घडलं तसं लिहिलं. दुसऱ्या ओळीला कळलं होतं, हे लिहिलं. बैठकीत काय ठरलं, तेही लिहिलं. आणि शेवटी: "तू ये, असं मी म्हणत नाही. मी कुठे उभा आहे ते तुला ठाऊक असावं, एवढंच."

गावातला कुणी हे पत्र नेणार नव्हता. पण तांड्याचा म्होरक्या वाळवंटातला अरब, त्याला गावच्या नियमांशी कर्तव्य नव्हतं. "मला काय," तो म्हणाला, "कागद उंटाला जड होत नाही."

उत्तर सहा महिन्यांनी आलं. ते यद्दरने चौकात वाचलं नाही. वाळीतल्या माणसाला ओट्यावर चढता येत नव्हतं. विहिरीपाशी बसून वाचलं. त्यात सलाम होता, पण कोरडा, उंबऱ्यावरूनच टाकल्यासारखा. खाली लिहिलं होतं: "आधी तू मला चौकात उघडा केलास. आता स्वतःला माझ्या गळ्यात बांधून घेतलंस. मी आलो नाही तर मी वाईट. आलो तर तू जिंकलास. हे तुला सुचलं कसं? मी येणार नाही."

यद्दरने पुढच्या तांड्याबरोबर उत्तर दिलं. त्यात या ओळींबद्दल एक अक्षर नव्हतं. कुठल्या झाडाला किती घड आले, विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, सत्तीमावशीचा गुडघा कसा आहे, हे होतं. पुढच्या तांड्याला उत्तर आलं नाही. यद्दरने पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्यालाही आलं नाही. त्याने पुन्हा लिहिलं. मेन्नाने एकदा भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं, "कंटाळत नाही का?" तो म्हणाला, "मोटेला कंटाळलो का कधी? वर येते, रिकामी होते, पुन्हा खाली सोडतो." मेन्नाने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड त्याच्याकडे केलं.

तिसऱ्या वर्षी खजूर उतरल्यावर तांड्याबरोबर बालहाज आला.

तो घरी गेला, आईच्या हाताला कपाळ लावलं, पाणी प्यायला आणि तसाच टेकडी चढून मशिदीत गेला. शुक्रवार होता. तो उभा राहिला, बारा जणांसमोर सगळं सांगितलं. दाढ, चिलीम, ते पाच दिवस. तोबा केली. शेख आमर यांनी उठून त्याला छातीशी धरलं. लोक पुढे झाले, सलाम सुरू झाले. दारापाशी, चपलांच्या जागी, यद्दर उभा होता.

"आता तुझा मित्र," शेख म्हणाले. "त्याला माफ करतोस?"

बालहाजने दाराकडे पाहिलं. यद्दरचे केस पांढरे झाले होते. "आज नाही," तो म्हणाला आणि यद्दरच्या अंगावरून निघून गेला.

आता पारडं फिरलं होतं. बालहाज जमातीत आला होता, त्यामुळे त्याला यद्दरला सलाम करता येत नव्हता. गावाला मोठी गंमत वाटली. चार दिवस बालहाज घरोघर जेवला, कुसकुस खाल्लं, तो गेल्यावर जन्मलेली पोरं पाहिली. पाचव्या दिवशी सकाळी तो विहिरीवर आला आणि थारोळ्याच्या कडेला बसला. यद्दर मोट हाकत राहिला.

"तोबा करायला सांगायला आलोय," बालहाज म्हणाला. "एवढंच बोलायची परवानगी आहे."

"सांग."

"खरं तर शिव्या द्यायला आलो होतो, तोंडावर. पत्रात दिल्या असत्या तर तू त्या चौकात वाचल्या असत्यास."

"वाचल्या असत्या," यद्दर म्हणाला. "खणखणीत."

बालहाजच्या ओठाची कड हलली, पण तो हसला नाही. "तुझी सगळी पत्रं वाचली. सलामापासून सलामापर्यंत आणि त्याच्या खालचं. दुसऱ्या ओळीला कळलं होतं, हे तू लिहिलंस. पण तिसरी का वाचलीस, ते एकाही पत्रात नाही. ते ऐकायला वीस दिवस वाळवंट तुडवत आलोय."

मोट वर आली, ओतली. यद्दरने गाढवाला थांबवलं.

"सगळे गप्प झाले होते," तो म्हणाला. "माझा आवाज आजवर इतका गप्प राहून कुणी ऐकला नव्हता. मला तो आवडला. एका ओळीपुरता मी तुला विसरलो."

बालहाजने थारोळ्यातल्या पाण्यात हात बुडवला. पाटाने पाणी झाडांकडे निघालं होतं आणि मातीत शिरताना त्याचा बारीक आवाज येत होता.

"हे कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"चिलमीचंही नव्हतं." तो उठला. "कपडे बदल. असा भिजलेला मशिदीत येणार का?"

बारा जणांना दुपारी पुन्हा बोलवावं लागलं. ते कुरकुरले, पण आले. बालहाजने त्यांच्यासमोर सांगितलं, "मी याला माफ केलं." यद्दरने तोबा केली. मग बालहाज म्हणाला, "आणखी एक. माझी पत्रं यापुढे आईच्या नावे येतील. ती घरी वाचली जातील." शेखांनी यद्दरकडे पाहिलं. यद्दर म्हणाला, "त्याचा हक्क आहे."

माफी मिळाली, तरी एकवीस वर्षं जे त्याच्या नावे येत होतं ते गेलं. त्याने ते मान्य केलं, पण आपलं लिहिणं थांबवलं नाही. बालहाज परत गेला. प्रत्येक तांड्याबरोबर यद्दरचं पत्र जात राहिलं आणि तिकडून आईच्या नावे पत्र येत राहिलं. शेखांची बायको ते तिला वाचून दाखवी. शेवटी एक ओळ असे: यद्दरला सलाम सांग. दुसऱ्या वर्षी ओळ थोडी लांबली: यद्दरला सांग, विहीर आणखी चार हात खोदून घे. चौथ्या वर्षी ती अर्धं पान झाली.

सहाव्या वर्षी वसंताच्या तांड्यानंतर सत्तीमावशी काठी टेकत विहिरीवर आली. पत्र तिच्या ओढणीच्या गाठीत होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याला दोन ओळी. बाकी सगळं तुझ्याशी. त्याच्या हमामाची भिंत, त्याची झोप, कुणी नवीन बायको सुचवलीय ती करावी का. शेखांची बायको वाचता वाचता लाजली. मी त्याला कळवते, की नावच बदल पत्रावरचं. मी मधे कशाला?"

"नको कळवू, मावशी."

"का? तुला नको आहे?"

"मला हवं आहे," यद्दर म्हणाला. "म्हणूनच नको कळवू. ते त्याच्या हाताने येऊ दे. मला घाई नाही. त्या नवीन बायकोचं काय म्हणतोय ते तेवढं पुन्हा सांग. मला उत्तर लिहायचंय."